सगळ्या मुलांचे पाय असेच असतात

माझ्या मुलीला हाडांचा आजार आहे, हे मला ती पावणेतीन वर्षांची असताना कळलं. तो तिला होऊ शकतो, हे तिच्या वडिलांना आणि आजीला ती जन्मायच्या आधीपासून माहीत होतं. हे मी आता सरळ लिहू शकते. मध्यंतरी बराच काळ ते माझ्या तोंडातून निघत नव्हतं.

आज लिहायला बसले, कारण हॉस्पिटलच्या बाकावर शेजारी बसलेल्या बायका विचारतात, तुम्हाला कसं कळलं? त्या विचारत असतात ते पायांबद्दल. मला आठवतं ते मात्र सगळंच.

*

आम्ही चारकोपला राहतो. मी, माझा नवरा संदेश, सासूबाई, नणंद दीप्ती आणि आमची जुई. मी अंधेरीला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते. संदेश लिफ्टच्या कंपनीत सर्व्हिसला आहे.

जुई जन्मली तेव्हा तिचे पाय गुडघ्यांपाशी बाहेर बाकलेले होते. त्यात नवल काहीच नव्हतं. पोटात मांडी घालून बसलेलं बाळ सरळ पायांनी बाहेर कसं येणार? मुलांच्या डॉक्टरांनीही समजावलं होतं, की बाळांचे पाय आधी असे बाकदारच असतात. चालायला लागलं की दोन वर्षांच्या आसपास सरळ होतात. मग तीन-चार वर्षांचं होईतो उलटा प्रकार, गुडघे आत येऊन एकमेकांना टेकतात. शाळेत रुळेपर्यंत तेही आपोआप जागेवर येतं. पावलं सपाट दिसली तरी घाबरू नका. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. शरीराला स्वतःचा रस्ता माहीत असतो, आपण मध्ये लुडबुड करायची नाही.

सासूबाई रोज सकाळी तिला मालिश करायच्या. पाय लांब करून जमिनीवर बसायच्या, जुईला पोटऱ्यांवर आडवी घ्यायच्या आणि कोमट खोबरेल तेलाने तिच्या नडग्या वरून खाली चोळत राहायच्या. हात, पाठ दोन मिनिटांत उरकायच्या. पायांवर मात्र चांगला अर्धा तास. मी दीप्तीला म्हणायचे, "बघ, आजीचं किती प्रेम आहे." मला खरंच तसं वाटायचं.

*

जुई उशिरा चालली, पण चालली. चालताना डुलायची. बदकाच्या पिल्लासारखी, म्हणून सगळे हसायचे. सोसायटीतल्या तिच्या वयाच्या मुलींपेक्षा बुटकी होती. तिच्या बरोबरीच्या मुलांचे पाय एकेक करून सरळ होत गेले. जुईचे होईनात. उलट मला वाटायला लागलं की बाक वाढतोय. दोन्ही घोटे जुळवून उभी केली की गुडघ्यांच्या मधून माझी मूठ आरपार जायची. संध्याकाळी खेळून आली की "पाय दुकतो" म्हणून मांडीवर येऊन पडायची.

मी म्हटलं, दाखवून येऊ.

सासूबाई त्यांच्या मालवणीत म्हणाल्या, "अगो, सगळ्या पोरांचे पाय असेच असतत. वाढता वाढता सरळ होतत. डॉक्टर काय, सुया टोचूक बसलेलेच आसत."

संदेश मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "वैशू, तू दिवसभर ऑफिसमध्ये रेषा बघतेस ना, म्हणून तुला सगळं वाकडं दिसतं."

मी हसले त्यावर. ते हसणं मला आजही माफ करता येत नाही, पण दोष माझा नव्हता. घरात दोन माणसं मला धीर देत होती, आणि घरच्यांच्या धिरावर माणूस विश्वास ठेवतो.

तरी मी मुलांच्या डॉक्टरांकडे नेलंच. त्यांनी ड जीवनसत्त्वाची पावडर दिली, काही महिने देऊन बघा म्हणाले. दिली. काही फरक पडला नाही. मग त्यांनीच एका मोठ्या हॉस्पिटलातल्या, मुलांच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे चिठ्ठी दिली. संदेशला त्या दिवशी काम निघालं. मी एकटीच गेले.

*

ओपीडीच्या बाहेर माझ्या शेजारी मानखुर्दहून आलेली एक बाई होती. तिच्या मुलाचे गुडघे एकमेकांवर घासत होते, पावलं फाकलेली. मला त्याचे पाय जुईच्या पायांपेक्षा भयंकर वाटले. ती आत गेली आणि थोड्याच वेळात तणतणत बाहेर आली.

"औषध नाही, बूट नाही, पट्टा नाही. चार वर्षांच्या मुलाचे गुडघे असेच असतात म्हणे. सात वर्षांचा होईपर्यंत नुसतं बघायचं. यासाठी सुट्टी टाकली मी."

मी मनात म्हटलं, आम्हालाही असंच तणतणत बाहेर पाठवा.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी जुईला चालवलं, उभं केलं, झोपवलं. मग मनगटं हातात घेऊन बराच वेळ चाचपली. पाय दाखवायला आणलेल्या मुलीची मनगटं कशाला बघतात, ते मला कळेना. एक्स-रे काढायला सांगितला, रक्त आणि लघवी तपासायला दिली. जुईने एक्स-रेच्या खोलीत उभं राहायला साफ नकार दिला. जड एप्रन घालून मी तिचे खांदे धरले आणि घरातल्या सगळ्यांची नावं घेत राहिले. प्रत्येक नावाला ती "हो" म्हणायची, तेवढ्यात तंत्रज्ञाने फोटो काढला.

रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाचे पाय असे आहेत? कुणी बुटकं? कुणाचं लहानपणी ऑपरेशन?"

मी म्हटलं, सासूबाई थोड्या डुलत चालतात, पण ती सांधेदुखी आहे. नवरा बेताच्या उंचीचा आहे. पण ऑपरेशन-बिपरेशन कुणाचं नाही.

"पुढच्या वेळी मुलीच्या बाबांना घेऊन या," त्या म्हणाल्या. "जमलं तर बघू, असं नको. याच."

*

संदेशने दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा मी त्याच्या साहेबांना फोन लावते म्हटल्यावर आला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला जुईकडे बघू दिलंच नाही. "पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर घ्या," म्हणाल्या.

त्याच्या दोन्ही नडग्यांवर लांब व्रण आहेत. मला ते लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत होते. लहानपणी गावाला फणसावरून पडलो, असं त्याने सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारलं आणि त्याने तेच उत्तर दिलं.

त्या म्हणाल्या, "दोन्ही पाय मोडले? सारख्याच जागी?"

त्याने पॅन्ट खाली ओढली.

"दातांचा त्रास होतो? कीड नसताना हिरड्यांना गळू येतं?"

त्याच्या पुढच्या दातांवर टोप्या आहेत, दर वर्षी-दोन वर्षांनी एखादा दात त्याला आडवा करतो. मीच "हो" म्हणाले. तो जमिनीकडे बघत होता.

"मिस्टर, मी तुम्हाला पकडायला बसलेली नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण तुमच्या मुलीचं औषध यावर ठरणार आहे. हे पाय सरळ करायचं ऑपरेशन होतं ना?"

"हो," तो म्हणाला.

तो शब्द इतका हळू आला, की आधी मला वाटलं जुईच काहीतरी पुटपुटली.

मग त्यांनी मला समजावलं. हा मुडदुसाचाच एक प्रकार, मनगटांची हाडं फुगलेली लागली ती त्यामुळेच, पण नेहमीचा नाही. नेहमीचा मुडदूस ऊन आणि ड जीवनसत्त्व मिळालं की बरा होतो. यात मूत्रपिंडं शरीरातलं फॉस्फेट लघवीतून सोडून देतात, म्हणून हाडं पक्की होत नाहीत आणि वजनाने वाकतात. हा आईबापांकडून येतो. आईला असेल तर मुलगा-मुलगी कुणालाही येऊ शकतो. वडिलांना असेल तर प्रत्येक मुलीला येतो, मुलाला येत नाही. मी विचारलं, "प्रत्येक म्हणजे?" त्या म्हणाल्या, "प्रत्येक."

बरा होणारा आजार नाही, पण औषधाने आटोक्यात राहतो. जितक्या लवकर सुरू करू तितके पाय सरळ होण्याची शक्यता जास्त. पुढे त्या जे बोलल्या ते त्या सहज बोलल्या असतील. "वडिलांचं आधी माहीत असतं तर पहिल्या काही महिन्यांतच तपासता आलं असतं."

*

हॉस्पिटलच्या आवारात एक चहाची टपरी आहे. जुई बिस्किट बुडवून खात होती. मी संदेशला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मला वाटलं नव्हतं होईल."

"मी ते नाही विचारलं."

त्याने कप खाली ठेवला आणि सांगायला लागला. दहावीपर्यंत औषध चालू होतं त्याचं. मग आईने बंद केलं. शेवटच्या वेळी गेले तेव्हा तिथले डॉक्टर आईला म्हणाले होते, याच्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना सांगा, मुलांना येऊ शकतं. "मी तिथेच बसलो होतो," तो म्हणाला. "घरी येताना आई म्हणाली, हे विसरायचं. सांगितलंस तर कोण मुलगी देणार तुला?"

"आणि जुई झाल्यावर?"

"रोज बघायचो तिचे पाय. तू झोपलीस की बघायचो. वाटायचं, सगळ्याच बाळांचे असे असतात, कदाचित हिचे सरळ होतील. तू दाखवायचं म्हणालीस की काहीतरी बोलून उडवून लावायचो."

म्हणजे मला वेड्यात काढत होता तेव्हा त्याला माझ्याहून जास्त खात्री होती. आजार लपवला हे एक वेळ मी समजू शकले असते, भित्रा माणूस लपवतो. पण माझे डोळे बरोबर बघत होते, आणि त्याने मला माझ्याच डोळ्यांवर शंका घ्यायला लावली. ती जखम वेगळी आहे, आणि तिला अजून खपली धरलेली नाही.

जुईने अर्धं बिस्किट त्याच्या तोंडापुढे धरलं. त्याने खाल्लं आणि रडायला लागला. मी त्याला रुमाल दिला नाही.

*

सासूबाईंनी आधी सगळं नाकारलं. मग म्हणाल्या, डॉक्टर उगाच मोठं करतात. मग मी सरळ विचारलं, "आई, तुमचे पाय कशाने असे आहेत?"

त्या पदर सारखा करत राहिल्या. शेवटी आपल्या आईबद्दल म्हणाल्या, "माझ्या आवशीनपण लपवलान. लांब पातळ नेसवून उभी केलेली माका, लग्नात. तुझ्या सासऱ्यांका चार दिवसांनी कळला. ते आयुष्यभर कधी बोलूक नाय, पण माझ्यासोबत रस्त्यान चललेपण नाय. चार पावला पुढे चलत."

मला त्यांची दया आली. खोटं कशाला सांगू? पण त्याच क्षणी रोजची मालिश आठवली. अर्धा अर्धा तास नडग्या चोळणारे ते हात. त्या प्रेमाने नव्हे, घाबरून चोळत होत्या. की दोन्ही? मला अजून ठरवता येत नाही. इतकंच कळतं की ते तेल संपत होतं तितका वेळ जुईचं औषध लांबत होतं.

वर त्या म्हणाल्या, "डॉक्टर झिलग्यांका होणा नाय म्हणतत ना? मग पुढच्या खेपेक झिल होऊ दे."

पुढच्या खेपेला मुलगा! मी उठून आत गेले. त्या रात्रीपासून मालिश बंद केली.

*

औषध म्हणजे खारट, पातळ फॉस्फेट. दिवसातून अनेकदा द्यावं लागतं, कारण शरीर ते लगेच सोडून देतं. सोबत ड जीवनसत्त्वाची वेगळी गोळी, ठरलेल्या काळाने रक्त, लघवी, मूत्रपिंडाची सोनोग्राफी. सुरुवातीला जुईचं पोट बिघडायचं. ती थुंकायची, मी ओरडायचे, मग दोघी रडायचो. कधी कधी वाटायचं, हिचा आजार नाही, मीच हिला छळतेय.

दुपारचा डोस प्लेग्रुपमध्ये द्यायचा प्रश्न होता. मी घाबरत तिथल्या बाईंना विचारलं. नाही म्हणतील याची तयारीही ठेवली होती. त्या म्हणाल्या, "द्या की. त्यात काय." त्यांनी वर्गात सांगितलं, हे जुईचं सरबत. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं सरबत मागायला लागली. मग त्यांनी सगळ्यांसाठी लिंबू सरबत सुरू केलं आणि जुई आपलं खारट सरबत त्यांच्या सोबत एका घोटात प्यायला लागली. मला परक्या बाईकडून मिळालेली ही मदत घरात मिळाली नव्हती, म्हणून मी प्लेग्रुपच्या जिन्यात उभी राहून रडले.

संदेश सकाळचा डोस द्यायला लागला. न सांगता. मी त्याबद्दल त्याला काही बोलले नाही.

*

दीप्तीचं लग्न ठरत होतं. मुलगा मुलुंडचा, चांगला होता. सासूबाई मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "तिचा होईपर्यंत बाहेर काय बोलू नको गो. तिच्या जल्माचा प्रश्न आसा."

म्हणजे आता माझी पाळी होती. जे माझ्याशी केलं ते मी दुसऱ्या घराशी करायचं, आणि दीप्तीशीही, कारण जुईचं औषध तिला दिसत होतं, पण हा आजार घराण्यातला आहे हे तिलाही माहीत नव्हतं. तिला दादाच्या पायांची तीच फणसाची गोष्ट सांगितलेली.

मी त्यांच्यासमोरच दीप्तीला हाक मारली आणि सगळं सांगितलं.

ती आधी आईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, मला पण असेल?"

"तुझे पाय सरळ आहेत, उंची चांगली आहे. बहुतेक नाही. पण बहुतेकवर राहू नकोस. तपासून घे."

"आणि त्याला?"

"ते तू ठरव."

"ठरवायचं काय त्यात," दीप्ती म्हणाली. "उद्या कळलं तर मी पण तुझ्यासारखी टपरीवर बसून विचारू का लोकांना, माहीत होतं का म्हणून?"

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. दीप्तीची तपासणी स्वच्छ आली. तरी तिने त्या मुलाला सगळं सांगितलं. त्याच्या घरच्यांनी वेळ घेतला, प्रश्न विचारले, आणि होकार दिला. एवढंच. ज्या एका भीतीपायी तीन पिढ्या गप्प बसल्या, ती भीती चहाच्या दोन कपांत विरली. प्रत्येक घरात असं होईल असं नाही. होकार आला नसता तरी ती सांगणारच होती, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सासूबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. मला त्याचं दुःख झालं नाही.

*

जुई आता शाळेत जाते. पाय पुष्कळ सरळ झालेत. मुठीच्या जागी आता बोटं जेमतेम जातात. उंची कमीच राहणार, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय. पुढे गुडघ्यापाशी छोटी पट्टी बसवायचं ऑपरेशन लागेल की नाही, ते वाढ बघून ठरेल. पाठशिवणीत ती अजून सगळ्यांच्या मागे असते. रडत नाही. "थांबा रे" म्हणून ओरडते, आणि कधी कधी पोरं थांबतात.

बाकावरच्या बायकांना मी हेच सांगते. बहुतेक मुलांचे बाकदार पाय आणि टेकणारे गुडघे खरंच आपोआप सुटतात, उगाच पट्टे आणि बूट घालून मुलाला छळू नका. पण दोन वर्षांनंतरही बाक वाढत असेल, एकच पाय वाकडा असेल, मूल बुटकं राहत असेल, लंगडत किंवा डुलत चालत असेल, दुखतं म्हणत असेल, तर दाखवा. आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधी घरात विचारा. आजी-आजोबांपर्यंत जाऊन विचारा.

संदेश आणि मी एकत्र आहोत. लोक म्हणतात, झालं गेलं सोड. मी सोडलेलं नाही. त्याने "आज उशीर होईल, काम आहे" म्हटलं तरी मनात एक क्षण प्रश्न येतो. आधी यायचा नाही. जे गेलं ते हेच. त्यालाही ते माहीत आहे. हल्ली तो लहानसहान गोष्टी आपणहून सांगतो, कधी कधी गरजेपेक्षा जास्त. मी ऐकून घेते.

*

गेल्या महिन्यात सासूबाईंचा खुबा इतका दुखायला लागला की त्यांना उठता येईना. डॉक्टरीणबाईंच्या ओळखीचे, मोठ्यांची हाडं बघणारे एक डॉक्टर त्याच हॉस्पिटलात आहेत. संदेशला सुट्टी मिळेना, दीप्ती सासरी. मीच घेऊन गेले.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कधीपासून दुखतंय?"

मला वाटलं, सांगतील दोन-चार वर्षं झाली, सांधेदुखी आहे. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ल्हानपणापासून. पाय वाकडे आसत माझे. पोराचेपण होते, नातीचेपण आसत. माझ्याकडसून गेले."

डॉक्टर लिहीत होते, त्यांना यात काही विशेष वाटलं नसावं. त्यांनी साडी वर घ्यायला सांगितली. सासूबाईंनी स्वतः घेतली. इतक्या वर्षांत मी त्यांचे पाय पहिल्यांदा नीट पाहिले. जुईच्या पहिल्या एक्स-रेत होता तसाच बाक, फक्त म्हातारा झालेला, कातडी सैल पडलेली. नर्सने मापं घेतली तेव्हा मी त्यांचा हात धरला, कारण त्या पडल्या असत्या.

परत येताना रिक्षात खड्डा आला की त्या ओठ आवळायच्या. चारकोपचा नाका आल्यावर म्हणाल्या, "राग गेलो काय गो तुझो?"

"नाही," मी म्हटलं.

त्या बाहेर बघत राहिल्या. मग मान हलवून म्हणाल्या, "बरां. खरां सांगलंस."